जाड पाइप, पातळ पत्रा

"पाइप जाड घातलाय, आता काय होत नाही." फोंड्याच्या एका गॅरेजात आज वेल्डर जीपच्या मालकाला साइड गार्ड, म्हणजे दाराखाली गाडीच्या कडेने बसवलेला संरक्षक पाइप, दाखवत होता. पाइप खरंच जाड होता. पण ब्रॅकेट थेट दाराखालच्या पत्र्यावर वेल्ड केलेले.

तो पत्रा जेमतेम मिलिमीटरभर. जांभ्याच्या दगडावर गाडी टेकली की पाइप तसाच राहतो, पत्रा आत जातो आणि दार अडकतं.

भार चासीवरच, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावरच, जायला हवा. आधी चासीला ६ मिमीची प्लेट, कोपरे गोल केलेले. वेल्ड चासीच्या लांबीने मारायचा. आडवा मारला तर त्याच्या कडेलाच तडा जातो. ४८ मिमी व्यासाचा, ३-४ मिमी जाडीचा पाइप पुरतो. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा. जीआय पाइप (जस्ताचा थर दिलेला) असेल तर जोडाजवळचं जस्त घासून टाका, ते जळून होणाऱ्या धुराने रात्री थंडीताप भरतो.

आणि आपल्या पावसात पाइप आतून गंजतो. खालच्या बाजूला पाणी निघायला भोक हवंच.

गाडी घेताना इतकी चौकशी करणारे आपण, जोड कुठे मारलाय हे वेल्डरला का विचारत नाही?