मातीचा रानरेडा: खांदा आधी, शिंगं शेवटी

हडप्पाकालीन मातीच्या बैलांकडे नीट पाहा. वशिंड, मान आणि शिंगं जमली की बाकीचं चिमटीत उरकलेलं असतं. डोळा म्हणजे अनेकदा चिकटवलेली मातीची टिकली. रानरेडा करतानाही हाच हिशेब ठेवावा. खांद्याचा भार आणि झुकलेलं डोकं साधलं तर केस कोरत बसायची गरज नाही. कोरीव केसांनी रेडा उलट गालिच्यासारखा दिसतो.

मातीत भाजलेल्या मातीचा बारीक चुरा (ग्रॉग) वजनाच्या साधारण २० टक्के मिसळावा. आकसणं कमी होतं, वाफेला वाट मिळते. फार घातला तर शिंगं वळवताना माती फाटते.

वीतभर लांबीच्या रेड्यासाठी ८ मिलिमीटर जाडीच्या दोन वाट्या करून तोंडाला तोंड जोडाव्यात. कडा खरवडून त्याच मातीची दाट रबडी लावायची; नुसत्या पाण्याने सांधा धरत नाही. आत कोंडलेल्या हवेमुळे पोट दबत नाही, म्हणून लाकडी पट्टीने थापटून आकार देईपर्यंत भोक पाडू नये. आकार झाला की पोटाखाली ३ मिलिमीटरचं भोक हवंच.

पायांचे सांधे सगळ्यात जास्त तडकतात. अंग सुकत आलेलं आणि पाय ओले असले, तर पाय जास्त आकसून सांध्यातून सुटतात. दोन्ही सारखे कडकले की मगच जोडावेत. पोटाखाली स्पंज आणि खुरांखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवावा. कागदावर पाय आत सरकू शकतात, फळीला चिकटत नाहीत. शिंगं आधी सुकतात, त्यांना प्लास्टिक गुंडाळावं.

भट्टीत मूर्ती फुटली की लोक मातीत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यावर खापर फोडतात. फोडते ती मातीत उरलेल्या पाण्याची वाफ. चेक प्रजासत्ताकातल्या डोल्नी व्हेस्टोनिसे इथे २५ हजार वर्षांहून जुन्या प्राणिमूर्तींचे बहुतेक तुकडेच सापडले. ओल्या मूर्ती फुटाव्यात म्हणून मुद्दाम विस्तवात टाकत असावेत, असं काही संशोधकांचं मत आहे. आपल्याला मात्र रेडा अख्खा हवा आहे. ९० अंश सेल्सिअसवर भट्टी चार-सहा तास धरावी. झरोक्यापाशी धरलेल्या आरशावर दव येतंय तोवर तापमान वाढवू नये. पुढे ६०० पर्यंत तासाला ७० अंशांच्या आसपास, कारण ५७३ ला मातीतला क्वार्ट्झ (गारेचे कण) एकदम फुगतो आणि मूर्ती तडकू शकते. उतरतानाही तोच धोका, म्हणून १०० च्या खाली येईपर्यंत दार उघडायचं नाही.

गोट्याने घासून चमक आणली असेल तर ९०० वर थांबावं. १००० ला ती बहुतेक जाते.