खिडकी किती पावलांवर आहे?

आमच्या नर्सरीत फोन उचलला की भाव सांगायच्या आधी आम्हीच एक प्रश्न विचारतो, ‘तुम्ही काम करता त्या टेबलापासून खिडकी किती पावलांवर आहे?’ नवीन गिऱ्हाईक क्षणभर थांबतं. त्यांना किंमत हवी असते, घरपोच मिळेल का ते हवं असतं. पण याचं उत्तर मिळाल्याशिवाय आम्ही रोप देत नाही. ही सवय अंगी लागेपर्यंत जवळपास अडीचशे रोपं मेली.

आमची नर्सरी पुणे-सोलापूर रस्त्यावर, सोरतापवाडीच्या पुढे. या पट्ट्यात नर्सरीला लागून नर्सरी आहे. माझ्या सासऱ्यांनी, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, घरच्या उसातला एक एकर मोडून गुलाब आणि मोगऱ्याची कलमं करायला सुरुवात केली. पुढे पुणं आमच्या दिशेने वाढत आलं. सोसायट्या उठल्या, बंगले झाले, तसं आमचं काम बागा लावून देण्याकडे वळलं. फायकस, दुरांटा, अरेका पाम, हिरवळ. मोठी झाडं आंध्रातल्या कडियमहून ट्रकने यायची. घरात ठेवायच्या रोपांना शेडनेटचा, म्हणजे सावलीच्या जाळीखालचा, एक कोपरा होता, तोही दिवाळीच्या भेटींपुरता.

25 मार्च 2020 पासून टाळेबंदी लागली आणि बागांची सगळी कामं एका रात्रीत थांबली. दुकानाला कुलूप लावता येतं, नर्सरीला लावता येत नाही. एप्रिलच्या उन्हात एक दिवस पाणी चुकलं तर पिशवीतलं रोप मान टाकतं. कामावरच्या दोघी मावशी याच गावच्या, त्या बांधाबांधाने चालत येत होत्या. त्या, दादा, हे आणि मी, असं पाचजणांनी ते दोन महिने काढले. विक्री नव्हती आणि झाडं वाढत होती. त्या दिवसांत मावशींनी एकदाही हाजरीचा, म्हणजे रोजच्या मजुरीचा, विषय काढला नाही, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

जूनमध्ये एका ताईंचा फोन आला. त्या हिंजवडीच्या कंपनीत होत्या, आता पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये बेडरूममधून काम करत होत्या. म्हणाल्या, ‘दिवसभर समोर भिंत आहे. काहीतरी हिरवं द्या, पण माझ्या हातून मरणार नाही असं.’ आम्ही त्यांना झीझी प्लांट दिला. जाड, चकचकीत पानांचं हे रोप मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, कोरड्या ऋतूची सवय असलेलं. मातीखाली त्याला बटाट्यासारखे कंद असतात, त्यात ते पाणी साठवून ठेवतं. दोन-तीन आठवडे पाणी दिलं नाही तरी त्याला काही होत नाही. ताईंनी टेबलाचा फोटो मैत्रिणींना पाठवला आणि त्या एका फोटोवरून आम्हाला अकरा ऑर्डरी आल्या. तोवर आम्ही सोसायट्यांना झाडं विकत होतो, आता एकेका टेबलाला विकू लागलो.

पुढच्या वर्षी एका कंपनीने घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना भेट म्हणून तीनशे रोपं मागवली. फोटो पाहून त्यांनी कॅलेथिया निवडलं. पानांवर रंगवल्यासारखी नक्षी असते, फोटोत ते फारच देखणं दिसतं. कॅलेथियाला दमट हवा लागते, क्षार नसलेलं पाणी लागतं, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी आम्ही बोललो नाही, कारण ऑर्डर मोठी होती. तीनशे खोक्यांतून तीनशे रोपं गेली आणि दोन महिन्यांत फोन सुरू झाले. पानांच्या कडा जळाल्या, पानं सुरळी होऊन गळाली. अडीचशेच्या आसपास रोपं गेली. आम्ही प्रत्येकाला बदली रोप द्यायचं ठरवलं. त्या वर्षीचा नफा त्यात गेला.

बदली रोपं द्यायला मी स्वतः जायचं ठरवलं. दर रविवारी टेम्पोत रोपं भरून वाघोली, उंड्री, वाकड, बावधन. लोकांनी चहा दिला, टेबल दाखवलं, कुंडी दाखवली. इतकी वर्षं रोपं वाढवून मला जे कळलं नव्हतं, ते त्या रविवारांनी शिकवलं. आम्हाला रोप कळत होतं, पण ते ज्या खोलीत जाणार आहे ती खोली आम्ही कधी पाहिलीच नव्हती.

पहिली गोष्ट उजेडाची. खोलीत शिरल्यावर आपले डोळे लगेच सरावतात, त्यामुळे सगळी खोली सारखीच उजळ वाटते. मी मोबाइलवर उजेड मोजायला लागले. खिडकीलगत दोन-तीन हजार लक्स (लक्स हे उजेडाचं माप) भरायचे आणि तिथून दहा फूट आत, भिंतीशी लावलेल्या टेबलावर, शंभर-दीडशे. माणसाला वाचायला ते चालून जातं, झाडाला ती उपासमार असते. ‘इनडोअर’ या शब्दाने फार घोळ केला आहे. घराच्या आत जन्मलेलं झाड कुठलंच नाही. दाट रानात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी झाडं आपण घरात आणली, आणि रानातली सावलीसुद्धा आपल्या भिंतीच्या कोपऱ्यापेक्षा उजळ असते. आता मी गिऱ्हाइकांना सोपं सांगते. दुपारी टेबलावर पांढरा कागद ठेवा, त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावलीची कड ठसठशीत दिसली तर उजेड चांगला, सावली पुसट दिसली तर मध्यम, सावलीच पडली नाही तर तिथे झाड ठेवू नका, किंवा वर एलईडी दिवा लावून तो रोज दहा-बारा तास चालू ठेवा.

दुसरी गोष्ट कुंडीची. बहुतेकांनी आमचं रोप देखण्या चिनी मातीच्या कुंडीत बसवलं होतं आणि त्या कुंडीला बुडाशी भोकच नव्हतं. वरून माती कोरडी, खाली चिखल, मुळं कुजलेली. पान पिवळं पडलं की माणूस काळजीने आणखी पाणी घालतो आणि रोप लवकर जातं. पाणी कमी पडून मेलेली रोपं मला त्या सगळ्या फेऱ्यांत मोजकीच दिसली, बाकीची मायेपोटी बुडाली होती.

तिसरी गोष्ट टँकरची. शहराच्या कडेच्या सोसायट्यांमध्ये बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी येतं. नळावर जसा पांढरा थर धरतो तसाच तो कुंडीच्या काठावर धरतो. त्या क्षाराने स्पायडर प्लांटची टोकं करपतात, कॅलेथियाच्या कडा जळतात. एसीच्या कोरड्या वाऱ्याने त्यात भर पडते. त्यामुळे पत्ता विचारला की आम्ही पाणी कुठलं हेही विचारतो. कॅलेथिया आम्ही आजही ठेवतो, पण ज्याला त्याचे लाड करायचे आहेत त्याच्यासाठी.

या फेऱ्यांनंतर आमच्या शेडनेटची मांडणीच बदलली. पूर्वी दाम पाहून रांगा लावायचो, आता उजेड पाहून लावतो. खिडकीपासून आठ-दहा फूट आत टेबल असेल तर आम्ही दोनच नावं घेतो, झीझी आणि स्नेक प्लांट. स्नेक प्लांट म्हणजे तलवारीसारखी उभी पानं. हे रोप पानावरची रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, दिवसा मिटून ठेवतं आणि रात्री उघडतं, म्हणजे उन्हात त्याचं पाणी उडत नाही. पंधरवडा विसरलात तरी ते टिकतं, ते यामुळे. शिवाय ते उभं वाढतं, लॅपटॉपच्या शेजारी वीतभर जागेत मावतं. टेबल खिडकीपासून चार-पाच फुटांवर असेल तर मनी प्लांट, सिंगोनियम, हिरव्या पानांचा अॅग्लोनिमा. मनी प्लांटची पांढरी-पिवळी नक्षी आत गेलं की कमी होते आणि पानं हिरवी येतात. तो रोग नाही, उजेड कमी आहे म्हणून रोपाने काढलेली तोड आहे. लाल-गुलाबी अॅग्लोनिमा हवा असेल तर खिडकीजवळच ठेवा, नाहीतर रंग फिका पडतो. स्पायडर प्लांट आणि रबर प्लांट खिडकीलगत, पण पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मे महिन्यांत ऊन आड करायला पडदा हवाच.

जेड आणि जाड, रसाळ पानांची इतर सकुलंट टेबलासाठी मागणाऱ्यांना मी शक्यतो परत फिरवते. ती उन्हाची झाडं आहेत, खोलीत ती लांबुळकी होऊन लोळतात. अरेका पामचंही तसंच. घरासाठी म्हणून तो सर्रास विकला जातो, आम्हीही विकत होतो, पण एसीच्या खोलीत त्यावर लाल कोळी ही बारीक कीड बसते आणि पानं धुरकट होतात. बाल्कनी असेल तर खुशाल न्या. लकी बांबू तर बांबूच नाही, ड्रसीनाच्या कुळातला आहे. तो पाण्यात ठेवत असाल तर आठवड्यातून एकदा तरी पाणी पूर्ण बदला, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतो.

मातीवर आमचा बराच काळ गेला. बाहेरून येणारी रोपं कधी चिकट मातीच्या गोळ्यात येतात, कधी नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात. चिकट माती खोलीत वाळत नाही. कोकोपीट वर कोरडं दिसतं आणि आत ओलं असतं, आणि एकदा पूर्ण वाळलं की वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं. म्हणून आलेलं रोप आम्ही तसंच विकत नाही. कोकोपीट, गाळलेली पोयटा माती, गांडूळखत, माती मोकळी ठेवणारे पर्लाइटचे पांढरे दाणे आणि थोडी निंबोळी पेंड असं मिश्रण मावशी स्वतः कालवतात, त्यात रोप बसवतात आणि तीन-चार आठवडे दुहेरी शेडनेटखाली ठेवतात. इतक्या दिवसांत रोप कमी उजेडाला सरावतं. कुणाला घाई असते, उद्याच हवं असतं. तेव्हा नाही म्हणायला आम्ही शिकलो आहोत.

पाण्याला वार लावून देऊ नका, असं मी सगळ्यांना सांगते. रविवारी पाणी, बुधवारी पाणी, असं झाडाला नसतं. बोटाची दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर थांबा. किंवा कुंडी उचलून वजन बघा, दोन-तीन वेळांत हाताला अंदाज येतो. द्याल तेव्हा बुडाच्या भोकातून निथळेपर्यंत द्या आणि ताटलीतलं पाणी ओतून टाका. पावसाळ्यात हवा ओली आणि आभाळ भरलेलं, तेव्हा पाण्याचं अंतर जवळजवळ दुप्पट करा.

एक पाटी आम्ही काढून टाकली, त्याबद्दलही लिहिते. ‘हवा शुद्ध करणारी झाडं’ अशी मोठी पाटी यांनी शेडनेटच्या दारावर लावली होती, कारण सगळेच लावत होते. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका गिऱ्हाइकाने आम्हाला शांतपणे समजावलं. हा दावा ज्यावर उभा आहे तो नासाचा 1989 सालचा अभ्यास बंद पेटीत रोपं ठेवून केला होता. घरात हवा सतत ये-जा करते. 2019 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांची मोजदाद केली, तेव्हा हवा खेळती ठेवल्याने जेवढी स्वच्छ होते तेवढी झाडांनी करायची तर दर चौरस मीटर जमिनीला 10 ते 1000 झाडं लागतील असं निघालं. त्याच संध्याकाळी पाटी उतरवली. खिडकी उघडा म्हणजे हवा बदलेल, झाड डोळ्यांसाठी आणि मनासाठी न्या, हे सांगून विकताना मला जास्त बरं वाटतं.

घरात मांजर, कुत्रं किंवा रांगतं बाळ आहे का, हाही प्रश्न आमच्या कागदावर आहे. मनी प्लांट, झीझी, सिंगोनियम, अॅग्लोनिमा, पीस लिली यांच्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते. स्नेक प्लांटही मांजराने खाल्ला तर उलट्या होतात. मांजराच्या घरी आम्ही स्पायडर प्लांट देतो.

गेली दोन वर्षं आम्ही माहेरपणाचा कप्पा सुरू केला आहे. खोलीत वर्षभर राहून थकलेलं रोप महिनाभर आमच्याकडे आणून ठेवायचं. आम्ही मुळं बघतो, पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड असेल तर पुसून काढतो, माती बदलतो, सावलीत उजेड देतो. दिवाळीत लोक गावी जातात तेव्हा हा कप्पा गच्च भरतो. प्रत्येक कुंडीवर घराचं नाव आणि खिडकीची दिशा लिहिलेली असते. दादा आता शेतात जात नाहीत, पण सकाळी काठी टेकत त्या कप्प्यात येतात आणि कुणाचं नवीन पान उलगडलं ते मला येऊन सांगतात.

गेल्या एप्रिलमध्ये पिंपळे सौदागरच्या त्या ताई आल्या. त्यांच्या झीझीच्या कंदांनी प्लास्टिकची कुंडी आतून फुगवून एका बाजूने फोडली होती. मावशींनी कुंडी कापली आणि कंद हळूच सोडवून तीन रोपं केली. एक ताईंनी पुन्हा टेबलासाठी घेतलं, एक त्यांच्या बहिणीला नाशिकला गेलं. तिसरं त्या आमच्याकडेच ठेवून गेल्या. ते माझ्या हिशेबाच्या टेबलावर आहे, खिडकीपासून सहा पावलांवर, आणि परवाच त्याला मधोमध एक नवा कोंब आला.