घुम्या, बडबड्या आणि आई

मटार स्वस्त झाले की आमच्याकडे पाच किलो येतात आणि सोलायला मी असतो. यंदा सोलता सोलता लॅपटॉपवर 'लोनसम डव्ह' ही अमेरिकन मालिका लावली, १९८९ ची, सीबीएस वाहिनीवर चार रात्री दाखवलेली, चांगली सहा तासांची. आई परात घेऊन शेजारी बसली. इंग्रजी तिला फारसं कळत नाही, पण दहा मिनिटांत दोघांचं बारसं करून मोकळी, व्हरांड्यात बसून अखंड बोलणारा रॉबर्ट डुव्हॉलचा गस म्हणजे बडबड्या आणि टॉमी ली जोन्सचा कॉल म्हणजे घुम्या.

दोघं म्हातारे, माजी टेक्सास रेंजर म्हणजे तिथले घोडेस्वार पोलीस, मेक्सिकोच्या सीमेवरून गुरं हाकत थेट उत्तरेला मॉन्टानाला निघतात. का, तर जेक स्पून नावाचा मित्र म्हणाला तिकडचा मुलूख भारीय, आणि पुढे त्याच जेकला हेच दोघं फासावर चढवतात! नदी ओलांडताना आयरिश पोराभोवती साप उसळतात तेव्हा आईच्या हातातली शेंग तशीच राहिली, दाणे घरंगळत पार फ्रीजखाली.

गस जातो. एक पाय कापलाय, दुसरा कापू देत नाही, आणि जाताना सांगतो मला टेक्सासात पुर. कॉल खरंच त्याला घेऊन निघतो, पार मॉन्टानापासून. (हे अगदीच हवेतलं नाही बरं का, १८६७ मध्ये गुरं हाकणारा ऑलिव्हर लव्हिंग गेला आणि त्याचा जोडीदार चार्ल्स गुडनाइटनं त्याचा देह असाच टेक्सासला नेला होता.) आई म्हणाली, आपल्याकडे अस्थी नेतात, हा अख्खा माणूसच घेऊन निघाला.

इथंच लॅपटॉप मिटायला हवा होता. पण मटार उरले होते.

१९९३ चा पुढचा भाग लावला तर कॉल म्हणून जॉन व्हॉइट. आई म्हणाली, घुम्या बदलला वाटतं, आणि सोलायला लागली. सोमवारी अचानक नवी सून दिसली तरी न बिचकणाऱ्या डेली सोपच्या प्रेक्षक त्या, त्यांना काय, मला मात्र तासभर तो कॉल वाटेचना. मग १९९५ चा 'स्ट्रीट्स ऑफ लारेडो', त्यात कॉल जेम्स गार्नर. हा मूळ लेखक लॅरी मॅकमर्ट्रीच्या कादंबरीवरचा, ९३ चा तसा नाही, त्यामुळे तिकडे धडधाकट असलेला न्यूट इकडे आधीच मेलेला. न्यूट म्हणजे कॉलचा पोरगा, ज्याला कॉल स्वतःचा घोडा देतो, वडिलांचं घड्याळ देतो पण तू माझा मुलगा एवढं काही तोंडातून निघत नाही. आई दर भागात म्हणायची, आता तरी सांगेल. मी सांगितलं तो गेला, तर म्हणे अरे काल तर होता.

शेवटी 'कोमांचे मून', २००८ चा, कथा आधीची, दोघं अजून रेंजर. तरुण गस झालेला स्टीव्ह झान तोंड उघडतो आणि डुव्हॉलच्या चालीवर बोलत सुटतो. मटार संपले होते, आई मेथी निवडत होती, एकदम मान वर केली, "बडबड्या आला!"

म्हटलं आई, तो हा नाही, आणि हे आधीचं आहे, तो पुढे मरणारच आहे.

"असू दे," म्हणाली, "आवाज वाढव."