घड्याळ मागे पडत होतं

ऑगस्टात आम्ही सगळे वीस दिवस पुण्याला बहिणीकडे होतो. इंदूरला परतलो, रामबागेतलं घर उघडलं, झाडझूड झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांची हाक आली, "अरे, हा कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये!" बटण दाबलं की आतले पंखे फिरत होते, कॅबिनेटचा दिवा लागत होता, पण पडदा काळाच. मॉनिटरचा दिवा नारिंगीवरून हिरवा होईना.

हा कॉम्प्युटर २०११चा. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी डीडीआर-थ्री रॅम आणि विंडोज सेव्हन. २०१५मध्ये मी त्यात एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, घातली तेव्हा विंडोज नव्याने टाकलं होतं. विंडोज सेव्हनचा आधार जानेवारी २०२०मध्येच संपला, म्हणून इंटरनेटची कामं बाबा मोबाइलवर करतात. या कॉम्प्युटरवर ते फक्त टाइप करतात. माझे आजोबा होळकर रियासतीत कारकून होते. १९४८मध्ये रियासत मध्य भारतात विलीन झाली, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांबद्दल त्यांनी वह्या भरून लिहून ठेवलंय. शाई फिकी पडत चाललीय, कागद कडेने तुटतोय. बाबा रोज एक-दोन पानं उतरवून काढतात, तेही युनिकोडच्या आधीच्या एका जुन्या फॉन्टमध्ये, कारण त्यांची बोटं त्याच कीबोर्डवर बसलीत. ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. त्यामुळे "नवीन घेऊन टाका" असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा.

जवळच्या एका दुकानात नेला. तिथल्या माणसाने उघडून पाहिलं, पाच मिनिटांत सांगितलं, "भिया, मदरबोर्ड गया इसका. अब इसमें पैसा मत डालो." आणखी विचारलं तर म्हणाला, फार तर फॉर्मॅट मारून बघू. पडदाच लागत नाही तर फॉर्मॅट कशाचा करणार? मी मशीन उचलून घरी आणलं.

सगळ्यात आधी एसएसडी आणि जुनी हार्ड डिस्क बाहेर काढली. सिल्व्हर मॉलमधून डिस्क लॅपटॉपला बाहेरून जोडायची साटा-टू-यूएसबी केबल आणली, अ‍ॅडॅप्टरवाली. एसएसडी नुसत्या यूएसबीवर चालते, पण साडेतीन इंची हार्ड डिस्कला बारा व्होल्ट वेगळे लागतात. माझ्या लॅपटॉपवर दोन्ही नीट दिसल्या. वह्यांच्या फाइली, फोटो असं सगळं दोन ठिकाणी उतरवलं, आणि विंडोजच्या फोल्डरमधला तो फॉन्टसुद्धा. फॉन्ट लॅपटॉपमध्ये टाकला आणि आजोबांचं पहिलं पान जसंच्या तसं मराठीत उघडलं. बाबा शेजारी उभे होते. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. त्यानंतर माझे हात कापायचे थांबले.

मग बोर्डाकडे वळलो. प्लग काढला, बटण पाच-सात सेकंद दाबून धरलं म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला. पॉवर सप्लायचा डबा उघडायचा नाही, हे मी शिकत होतो तेव्हाच ठरवून टाकलेलं आहे. रॅमची पट्टी काढली आणि रॅमशिवाय मशीन चालू केलं. कॅबिनेटमधल्या चिमुकल्या स्पीकरमधून लांब बीप आली, थांबली, पुन्हा आली. इतका गोड आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. रॅम नाही म्हणून ओरडायलासुद्धा प्रोसेसर आणि बोर्ड जिवंत लागतात. म्हणजे बोर्ड गेलेला नव्हता.

रॅमच्या सोनेरी दातांवर काळपट थर होता. पावसाळ्यात बंद घरात वीस दिवस ओल बसलेली. शाळेच्या पेन्सिलीचा पांढरा खोडरबर घेऊन हलक्या हाताने घासलं, भुगा ब्रशने झाडला, स्लॉटही झाडला. पट्टी दोन्ही टोकांना टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवली. चालू केलं. पडदा उजळला!

आणि पडद्यावर आलं: सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड, एफ-वन दाबा. म्हणजे बोर्डाने जपून ठेवलेली सेटिंग्ज पुसली गेली आणि मूळची आली. तारीख १ जानेवारी २०११.

ते पाहताच मला बाबांचं बोलणं आठवलं. मे महिन्यापासून ते म्हणत होते, "सकाळी सात वाजता हा रात्रीचे दोन दाखवतो." मी दर वेळी "हाताने वेळ लावा ना बाबा" म्हणून मोकळा झालो. त्यांनी दुखणं नेमकं सांगितलं होतं आणि मी कान दिला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. बाबा रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात. बटण चालू असलं तर घड्याळाला सप्लायमधून वीज मिळते. बंद केलं की सगळा भार बोर्डावरच्या गोल बॅटरीवर. थकलेल्या बॅटरीने एकेक रात्र कशीबशी काढली, वीस दिवस सलग तिला झेपले नाहीत. मल्टिमीटर लावला तर तीनऐवजी २.१ व्होल्ट. सीआर २०३२ नावाची ही बॅटरी वीस मिलिमीटर व्यासाची, ३.२ जाडीची, तो आकडा तेच सांगतो. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळाली.

नवी घातली, तारीख लावली, एफ-टेन दाबून सेव्ह केलं. विंडोजचं चिन्ह आलं, निळा पडदा विजेसारखा चमकला आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून. तीनदा तेच. विंडोजच्या स्वतःच्या दुरुस्तीने, स्टार्टअप रिपेअरने, बराच वेळ घेऊन हात टेकले. इथे बरेच जण फॉर्मॅट करतात. मी एफ-एट दाबून यादीतला "ऑटोमॅटिक रीस्टार्ट बंद" हा पर्याय निवडला, म्हणजे निळा पडदा थांबून राहतो. त्यावरच्या कोडचा शेवट होता सेव्हन-बी. अर्थ असा की विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाहीये.

पण डिस्क तर लॅपटॉपवर ठणठणीत चालली होती! म्हणजे बिघडली होती ती तिच्याशी बोलायची पद्धत. २०१५मध्ये विंडोज टाकण्याआधी मी बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, साटाचं (डिस्कच्या जोडणीचं) सेटिंग आयडीई या जुन्या पद्धतीवरून एएचसीआय या नव्या पद्धतीवर नेलं होतं. बॅटरी मेली, बायोस सगळं विसरला आणि आपल्या मूळच्या आयडीईवर गेला. विंडोज मात्र एएचसीआयच धरून बसलं होतं. डिलीट दाबून बायोसमध्ये शिरलो. हो, आयडीईच होतं. बदललं, सेव्ह केलं, आणि अर्ध्या मिनिटात बाबांचा डेस्कटॉप समोर, उजव्या कोपऱ्यात वेळ बरोबर.

एका वेळी दोन दुखणी होती, ओल धरलेली रॅम आणि मेलेली बॅटरी, आणि दुसरीच्या पोटात तिसरं. त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. दोन एकदम बदलल्या असत्या तर कशाने काय झालं ते मला कळलंच नसतं.

बायोसच्या सगळ्या पडद्यांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवलेत. एका चिठ्ठीवर "साटा – एएचसीआय" आणि बॅटरी बदलल्याची तारीख लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली. चिठ्ठीवरचं अक्षर बाबांचं आहे. संध्याकाळी त्यांनी वही उघडली, राहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "हा शब्द बघ रे, 'जमाबंदी'च आहे ना?" भिंग घेऊन पाहिलं. जमाबंदीच होता.