एका पानाचा फोटो

युरियाची गाडी येते त्या दिवशी आमच्या दुकानात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. खत देताना ज्यावर अंगठा घ्यावा लागतो त्या पॉस मशीनवर अंगठा लागत नाही, कारण निम्म्या लोकांच्या बोटांच्या रेषा विळ्यानं आणि खतानं कधीच गेल्यात. मशीन तीनदा नाकारतं, शिव्या मी खातो. मागच्या ऑगस्टमध्ये, पोळा तोंडावर असताना, अशाच गर्दीत व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. केळीचं एक पान, त्यावर शिरांच्या रेषेत पिवळसर पट्टे. खाली मोबाईलमधल्या एआयचं उत्तर जसंच्या तसं चिकटवलेलं: जस्ताची कमतरता, झिंक सल्फेट 0.5 टक्के, फवारणी, सोबत चुना. आणि फोटो पाठवणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाचा प्रश्न, "काका, बरोबर ना?"

मी एका हातानं पावती फाडत दुसऱ्या हातानं टाईप केलं, "हो, झिंकच."

चोपडा तालुक्यात, तापीच्या पट्ट्यात, मी 22 वर्षं कृषी सेवा केंद्र चालवतो. केळीचं पान मला कळतं असा माझा समज आहे, आणि उत्तर चुकलं तरी वेडगळ नव्हतं. झिंक कमी पडलं की नवं पान अरुंद येतं, त्यावर असेच पट्टे पडतात. झिंक माझ्याकडे होतंही. संध्याकाळी पोरगा घेऊन गेला.

नवव्या दिवशी त्याचा बाप स्वतः आला. काऊंटरवर टोपी ठेवून म्हणाला, "भाऊ, फरक पडना नही."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात गेलो. दोन एकर मृगबाग, म्हणजे मृगाच्या हंगामात लावलेली केळी, टिश्यू कल्चरची साधारण 3,100 रोपं, दीड-पावणेदोन महिन्यांची. बांधावरूनच माझ्या पोटात गोळा आला. जमिनीत अन्नद्रव्य कमी असलं तर पट्टाच्या पट्टा पिवळा दिसतो, ओळीतली सगळी रोपं थोड्याफार फरकानं सारखीच रडतात. इथं पहिल्या ओळीत सातवं रोप आजारी, आठवं हिरवंगार, मग एकदम एकोणिसावं. दुसऱ्या ओळीत काहीच नाही, तिसरीत लागोपाठ दोन. कुणी मूठभर दाणे भिरकावावेत तसा रोग विखुरलेला. एकोणिसाव्याचा पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं कोवळं पान, धरून ओढला, तर तो हातात आला, बुडाशी सडलेला. आठवडाभर आभाळ गच्च होतं, त्यात हे व्हायचंच. हरण्या. कागदावर त्याला कुकुंबर मोझॅक व्हायरस म्हणतात, आम्ही सीएमव्ही.

आणि नावाला जागून बांधावर काकडीचा वेल! घरच्या खाण्यापुरता लावलेला. पान उलटं केलं तर मावा खचाखच. हा मावा रोगट पानात सोंड खुपसतो, उडतो, पुढच्या रोपात खुपसतो, झालं काम. सगळं काही सेकंदांचं. औषधानं तो मरेपर्यंत व्हायरस पोचलेला असतो. रोगावर बाटली नाही. रोप मुळासकट उपटायचं, बागेबाहेर नेऊन जाळायचं किंवा पुरायचं, चार-पाच दिवसांनी परत फिरायचं, परत उपटायचं. उरलेल्यांवर माव्यासाठी फवारा, तो फक्त प्रसार कमी करायला.

हे सगळं मला पाठ आहे. नऊ दिवस आधीही पाठ होतं.

त्या दिवशी 212 रोपं उपटली, पोळ्यापर्यंत आकडा 340 वर गेला. नांग्या, म्हणजे उपटलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायलाही रोपं मिळेनात. फळपीक विम्याचे निकष हवामानाचे, रोगाला त्यात जागा नाही.

उपटता उपटता पोरानं मोबाईल काढला. या वेळी त्यानं फोटो टाकलाच नाही, बोलून सांगितलं: रोपं मधूनमधून आजारी आहेत, बांधावर काकडी आहे, आठ दिवस ढगाळ आहे, पोंगा सडतोय. उत्तर लगेच आलं, सीएमव्ही, उपटा. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "काका, आपण हे त्याला आधी सांगितलंच नव्हतं."

आपण! पोराचा मोठेपणा. मोबाईलच्या पहिल्या उत्तराच्या शेवटी एक ओळही होती, 'खात्रीसाठी शेताची पाहणी करून घ्या.' पोरानं ती कापून मला उत्तर पाठवलं होतं. मला दिसली असती तरी त्या गर्दीत मी वाचली असती का, देव जाणे.

बाप तेवढा वेळ गप्प होता. मी उगाच म्हणालो, मोबाईलचंही चुकतं कधीकधी. तो म्हणाला, "मोबाईलले काय बोलू? मी तुले इचारं व्हतं."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. जून 2025 मध्ये राज्यानं शेतीसाठी एआयचं धोरण मंजूर केलं, 500 कोटींची तरतूद केली. मला ते आवडलं होतं, आजही आवडतं. कृषी सहायकाचं पदनाम बदलून सहायक कृषी अधिकारी झालं, पण गावं तेवढीच आणि पंचनामे तेवढेच; तो बांधावर किती वेळा येणार? आणि पोरं मोबाईलला का विचारतात हेही दुकानदारांनी एकदा खरं बोलावं. आमच्यातल्याच कित्येकांनी वर्षानुवर्षं 'व्हायरसची बाटली' विकली. मोबाईलला निदान बाटली खपवायची नसते. मला मात्र त्या दिवशी झिंक खपवायचं होतं का? खपवायचं नव्हतं. पण कपाटात होतं, आणि समोर तयार उत्तर होतं. मोबाईलकडे एकच पान होतं. माझ्याकडे मोटारसायकल होती, शेत चार किलोमीटरवर होतं.

एक गोष्ट मात्र माझी मला कळली. उत्तर आधी वाचलं की त्या पानावर मला झिंकच दिसलं. तोच फोटो नुसता आला असता तर मी विचारलं असतं, बाकीची रोपं कशी आहेत रे? हा प्रश्न मी 22 वर्षं विचारत आलोय.

आता पोरांना मी फोटो नको म्हणतो. व्हिडिओ मागतो, बांधापासून सुरू करून चार ओळी चालत, आणि शेजारच्या वावरात काय आहे तेही दाखव. निम्मे ऐकतात. बाकीच्यांचा तोच एका पानाचा फोटो, खाली मोबाईलचं उत्तर. मग मी स्क्रीनच्या खालच्या अर्ध्या भागावर अंगठा ठेवतो आणि आधी पान बघतो. अंगठा पुरत नाही. एखादी ओळ दिसतेच.