४५ अंशांवर पायऱ्या नाहीशा झाल्या

जिनिव्हात १८६२ साली जन्मलेले नेपथ्यकार अडॉल्फ आपिया यांनी १९०९-१० च्या सुमाराला ‘लयबद्ध अवकाश’ ही रेखाटनं केली. नुसत्या पायऱ्या, चौथरे, भिंती आणि सावल्या. त्या धाटणीचं १:१० चं मॉडेल आम्ही केलं होतं. सहा पायऱ्या; उंची १.६ सेंटिमीटर, खोली ३.२. म्हणजे रंगमंचावर १६ आणि ३२. उंची फार वाढवली, तर नट पावलांकडे बघत चढतो.

त्या दिवशी फक्त प्रकाश बसवायचा होता. समोरून ४५ अंशांवर दिवा लावला आणि पायऱ्या गेल्या! उरला एक सपाट उतार. या कोनात पायरीच्या माथ्यावर आणि उभ्या बाजूवर सारखाच उजेड पडतो, मग डोळ्याला कड सापडणार कुठून?

दिवा ७० अंशांवर नेला. हिशेबानं माथा उभ्या बाजूच्या पावणेतीनपट उजळ हवा, दिसेना. दोष रंगाचा होता. पांढऱ्या, किंचित चकाकणाऱ्या रंगामुळे माथ्यावरचा उजेड उसळून मागच्या उभ्या बाजूवर जात होता. राखाडी मॅट रंगाचे दोन हात दिले, तेव्हा कडा उमटल्या.

पुढची अडचण माणसाची. पुठ्ठ्यातून कापलेली १७ सेंटिमीटरची आकृती समोरून ठीक वाटे, पण दिवा बाजूला नेला की तिच्या सावलीची नुसती रेघ उरे. रंगवलेल्या पडद्यांना आपियांचा विरोध नेमका यासाठीच होता: नट घनाकार, पडदा सपाट, आणि पडद्यावरच्या रंगवलेल्या सावल्या खऱ्या दिव्याला जुमानत नाहीत. आम्ही तारेवर शाडू थापून बाहुली केली.

आपिया प्रकाश दोन प्रकारचा मानत: सगळीकडे पसरणारा आणि आकार घडवणारा. १९१२-१३ मध्ये जर्मनीतल्या हेलेराऊच्या सभागृहात अलेक्झांडर फोन झाल्ट्समान यांनी हजारो दिवे कापडी भिंतींमागे लपवले होते. संगीतशिक्षक दालक्रोझ यांच्यासोबत आपियांनी ग्लुकचं ‘ऑर्फियस’ हे ऑपेरा-नाट्य केलं ते तिथेच. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम तेच.

आम्ही वर बटर पेपर ताणून त्यामागचा दिवा डिमरवर अगदी मंद ठेवला. दुसरा उघडा दिवा मागून, ४५ अंशांवर. आता उभ्या बाजू काळोखात गेल्या, प्रत्येक माथ्याचा पुढचा अर्धा भाग तेवढा उजळला, आणि सर्वांत वर उभ्या बाहुलीची सावली त्या पट्ट्यांवरून तुटत तुटत खालपर्यंत उतरली.