एकोणीस पाट्या

सातव्या की आठव्या पाटीपाशी माझ्या लक्षात आले की मी पाटी वाचत नसून, वाचण्याच्या निमित्ताने दम खात उभा आहे. समोर खडकात बसवलेल्या पाटीवर एका तरुणाचा हसरा फोटो होता, आणि माझ्या मनात मात्र ‘अजून किती उरल्या’ एवढाच हिशेब चालला होता. त्या दिवसाबद्दल लिहायचे, तर ही लाज आधी सांगितली पाहिजे.

अ‍ॅरिझोनातील यार्नेल या गावाजवळचे हे स्मारक-उद्यान फिनिक्सहून अर्ध्या दिवसात उरकेल, अशी माझी समजूत होती. घाटात चढणारा आणि उतरणारा असे दोन स्वतंत्र रस्ते आहेत आणि वाहनतळ केवळ उतरणाऱ्या रस्त्यावर आहे, हे कळेपर्यंत आम्ही वर गावात पोहोचलो होतो. तिथून वळून खाली आलो, तर जेमतेम डझनभर गाड्यांची जागा भरलेली. पाऊण तास वाट पाहण्यात गेला आणि त्या काळात मी जी कुरकुर केली, ती सोबतच्या भाच्याने निमूटपणे ऐकून घेतली.

२८ जून २०१३ रोजी वीज पडून या डोंगरात वणवा लागला आणि ३० जूनच्या दुपारी प्रेस्कॉट शहराच्या अग्निशमन दलातील ‘ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स’ या तुकडीचे १९ जण त्यात गेले. टेहळणीसाठी दूर थांबलेला विसावा तेवढा वाचला. हॉटशॉट म्हणजे पाण्याच्या बंबाविना, कुदळी, फावडी आणि करवती घेऊन आगीच्या अगदी जवळ जाणारी माणसे. आपल्याकडे वन खाते उन्हाळ्याआधी जाळरेषा काढते, तशी रेषा ही मंडळी पेटत्या डोंगरावर काढतात: झुडपे तोडायची, खालची माती उघडी पाडायची, म्हणजे आगीला पुढे खायला काही उरत नाही.

पायवाट जवळजवळ साडेचार किलोमीटर चढत जाते आणि वाटेवर प्रत्येकाच्या नावाची एक अशा १९ पाट्या आहेत. पहिल्या पाच-सहा मी मनापासून वाचल्या. पुढे ऊन वाढले, पाणी कमी घेतल्याचे ध्यानात आले आणि पाट्या मैलाच्या दगडांसारख्या मोजल्या जाऊ लागल्या. भाचा मात्र प्रत्येक पाटीपाशी तेवढाच वेळ थांबत होता. एका पाटीपाशी तो म्हणाला, “मामा, यांच्यातले सगळ्यांत लहान होते ते माझ्याच वयाचे, २१ वर्षांचे.” मी “हो का” म्हणून पुढे निघालो, कारण थांबलो असतो तर पुन्हा चालणे जड गेले असते.

माथ्यावरच्या सज्जापाशी ठिकठिकाणच्या अग्निशमन दलांचे टी-शर्ट आणि बिल्ले ठेवलेले आहेत. त्यातला एक गडद निळा टी-शर्ट उन्हाने खांद्यांवर पार विटला होता, पण घडीच्या आतली बाजू कोऱ्या कापडासारखी निळी होती. मी तो हात न लावता बराच वेळ पाहिला.

तिथून खाली दरीत, ते १९ जण जिथे गेले त्या जागेभोवतीचे वर्तुळ दिसते. दुपारी तुकडी जळून गेलेल्या भागात, म्हणजे सुरक्षित जागी होती. तिथून एका रँचच्या, म्हणजे शेतवाडीच्या, दिशेने ती उतरू लागली आणि त्याच सुमारास जवळ आलेल्या वादळाच्या वाऱ्याने वणव्याची दिशा फिरवली. तीन बाजूंनी डोंगराने वेढलेल्या त्या खोलगटात, कित्येक दशके न जळलेल्या दाट झुडपांमध्ये, आगीने त्यांना गाठले. अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा लावलेली संरक्षक आवरणे त्यांनी अंगावर ओढून घेतली, पण प्रत्यक्ष ज्वाळांपुढे ती टिकणारी नव्हती.

सज्जापासून आणखी सव्वा किलोमीटर उतरल्यावर आपण तिथे पोहोचतो. दगड भरलेल्या जाळीच्या १९ पेट्या साखळीने जोडून गोल केला आहे आणि आत १९ क्रूस आहेत. ते रांगेत नाहीत. काही इतके जवळ आहेत की मधून माणूस जाणार नाही. जो जिथे सापडला, तिथे त्याचा क्रूस उभा आहे, हे समजल्यावर मला त्या दाटीकडे पाहवेना, म्हणून मी मान वळवली, तर समोर ती रँच होती. अंतर साडेपाचशे मीटरच्या आसपास. ती वाचली होती.

“एवढंच?” भाच्याने विचारले. मला उत्तर देता आले नाही.

परतीचा पहिला चढ चढताना आमचे पाणी संपले. उतरणाऱ्या एका वृद्ध जोडप्याने न मागता आपली बाटली पुढे केली; मी संकोचाने दोन घोट घेतले, भाच्याने बाटली संपवली. उतारावर पाट्या उलट्या क्रमाने भेटू लागल्या. जाताना ज्या मी नुसत्या मोजल्या होत्या, त्यांच्यापाशी आता थांबलो आणि प्रत्येक पाटीवरील मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. भाचा पुढे जाऊन गाडीपाशी वाट पाहत राहिला, आणि या वेळी कुरकुर करण्याची पाळी त्याची होती.